‘कोणासाठी?’ ‘माझ्यासाठी.’

ताई, नमस्कार.
वय 51, मुक्काम नाशिक, विमा कंपनीत नोकरी. वडील गावच्या भजनी मंडळात गायचे. मला आवड आहे, शिक्षण काहीच नाही. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, संध्याकाळ मोकळी मिळू लागली, म्हणून नोव्हेंबरात गाणं शिकवणाऱ्या पाच जणांना मेसेज केला. मेसेज एवढाच होता : ‘नमस्कार. गाण्याच्या क्लासची फी आणि वेळ कळवा.’ जेवणं आटोपल्यावर, रात्री साडेदहाच्या सुमारास पाठवला. दोघांचं उत्तरच आलं नाही. एका बाईंनी विचारलं, ‘कोणासाठी? मुलाचं वय काय?’ मी ‘माझ्यासाठी’ असं लिहिलं, त्यानंतर काही नाही. चौथ्या बाई म्हणाल्या, ‘सध्या जागा नाही’; पण आमच्या शेजारच्या मुलीला त्याच आठवड्यात त्यांच्याकडे प्रवेश मिळाला. पाचव्या सरांकडे गेलो. सात-आठ मुलांसमोर त्यांनी गायला सांगितलं. एक अभंग म्हटला. ते म्हणाले, ‘आवाज तयार नाही. परीक्षा द्यायची आहे का?’ मुलं हसली. ‘विचार करून सांगतो’ म्हणून निघून आलो, परत गेलो नाही. आता एका शिक्षिकेचं नाव कळलं आहे, तिशीतल्या आहेत. त्यांना काय लिहू? हाक काय मारू? फी आधी विचारली तर अपमान होतो का? की पन्नाशीत हा नाद सोडून द्यावा?
– एक इच्छुक

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सोडू नका. मी घरी गाणं शिकवते त्याला तीस वर्षं होत आली, आणि आज माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक चाळिशीच्या पुढचे आहेत. तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. पाच दारं वाजवली आणि पाचही ठिकाणी वय आडवं आलं, असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते त्या पाचांपैकी फार तर एका ठिकाणी वय आडवं आलं असेल. बाकीच्या ठिकाणी काय झालं असेल, ते पलीकडच्या बाजूने सांगते.

तुमचा मेसेज माझ्या फोनवर आला असता तर मला काय दिसलं असतं? अनोळखी नंबर, पुरुषाचं नाव, रात्रीचे साडेदहा, आणि दोन वाक्यं. घरी एकटीने शिकवणाऱ्या बाईला असे मेसेज बरेच येतात, आणि त्यातले काही चांगल्या हेतूने आलेले नसतात. ‘क्लास कोणासाठी?’ हा प्रश्न आम्ही विचारतो तो निम्मा चौकशीचा असतो आणि निम्मा सावधपणाचा. तुम्ही ‘माझ्यासाठी’ एवढाच शब्द लिहिलात. खरं तर किती धीर लागला असेल तो लिहायला, हे मला समजतं. पण त्या बाईंना त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळलं नाही. तुम्ही कोण, कुठले, कोणाकडून नंबर मिळाला, गाण्याशी तुमचं नातं काय, यातलं काहीही नाही. उत्तर न देणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. ते असं घडतं, एवढंच सांगतेय.

दुसरं म्हणजे महिना. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एक सत्र एप्रिल-मेच्या आसपास आणि दुसरं नोव्हेंबर-डिसेंबरच्या. परीक्षा जवळ आल्या की गाण्याच्या शिक्षकाच्या घरात लगीनघाई असते. प्रवेशिकेची मुलं, मध्यमेची मुलं, एखादी विशारदची मुलगी, साथीला तबलजी मिळवायचे, आलाप-ताना घोटून घ्यायच्या. त्यात आलेला मेसेज ‘नंतर सविस्तर लिहू’ म्हणून बाजूला पडतो आणि मग खाली जातो. जूनमध्ये किंवा परीक्षा आटोपल्यावर जानेवारीत विचारलंत तर तोच शिक्षक निवांत भेटेल.

आता ‘जागा नाही’बद्दल. हे तुम्हाला सगळ्यात जास्त लागलं आहे, आणि इथेच मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

गाण्याच्या बॅचला एकच तानपुरा लागतो, म्हणजे एकच पट्टी, सगळ्यांचा सा एकाच उंचीवर. पट्टीला आम्ही पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून नाव देतो. मुलींची आणि बायकांची बॅच साधारण काळी चार किंवा काळी पाचमध्ये बसते. पुरुषाचा आवाज काळी एक, काळी दोनच्या आसपास. तुम्ही त्या बॅचमध्ये बसलात तर वरच्या सप्तकात गळा ताणला जाणार आणि खाली उतरलात तर आवाज पोचणारच नाही. महिन्याभरात घसा बसेल आणि तुम्हाला वाटेल, आपल्याला गाणं जमतच नाही. म्हणून आवाज फुटलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलालाही आम्ही त्या बॅचमधून उठवून वेगळं बसवतो. शेजारची मुलगी काळी चारच्या बॅचमध्ये सहज मावली. तुमच्यासाठी त्या बाईंना वेगळा तास काढावा लागला असता, आणि तो त्यांच्याकडे नसेल. ‘जागा नाही’चा अर्थ बऱ्याचदा ‘तुमच्या पट्टीची बॅच नाही’ असा असतो. पण तेवढं सांगायला दोन वाक्यं जास्त लागतात. ती कोणी सांगत नाही, आणि ऐकणारा माणूस आपलं वय कवटाळून घरी जातो.

तसंच ‘आवाज तयार नाही’चं. आमच्या बोलीत हे निदान आहे, निकाल नव्हे. तयार आवाज म्हणजे रियाजाने घडवलेला आवाज. जो कधी शिकलाच नाही त्याचा आवाज तयार कसा असेल? ‘गळा फिरत नाही’, ‘सूर आहे, पण लागत नाही’, ‘बैठक नाही’ हे सगळे आमच्या रोजच्या वापरातले शब्द आहेत, सुताराने लाकूड ओलं आहे म्हणावं तसे. नवख्या माणसाला मात्र ते थेट काळजात जाऊन लागतात. यापुढे असं काही ऐकलंत तर लगेच विचारा, ‘म्हणजे काय करायला हवं?’ त्या एका प्रश्नावर शिक्षक बोलायला लागतो.

मुलं हसली याचं मला वाईट वाटतं. मोठ्या माणसाला पहिल्या दिवशी मुलांसमोर गायला लावू नये, हे माझं ठाम मत आहे. ऑफिसात ज्याच्या सहीने कामं होतात, तो माणूस इथे पहिल्यांदा पूर्ण अडाणी म्हणून बसलेला असतो. त्याला ते अडाणीपण चार भिंतींत सोसू द्यावं.

नव्या शिक्षिकांना काय लिहायचं? मी तुमच्या जागी असते तर सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यान असं काहीतरी पाठवलं असतं :

‘नमस्कार. मी (पूर्ण नाव), वय 51, नाशिकलाच राहतो, विमा कंपनीत नोकरी करतो. तुमचा नंबर अमुक यांनी दिला. मला स्वतःला गाणं शिकायचं आहे. आजवर शिकलेलो नाही. वडिलांबरोबर भजनाला बसायचो, पाच-सहा अभंग पाठ आहेत. वर्षभरात दोन-तीन अभंग सुरातालात म्हणता यावेत अशी इच्छा आहे. परीक्षेचा विचार अजून केलेला नाही. मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी सातनंतर किंवा शनिवारी सकाळी येऊ शकतो. घरी रोज वीस मिनिटं बसेन. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना तुम्ही शिकवता का? पुरुषांच्या पट्टीची बॅच किंवा वेगळा तास आहे का? फी किती असते? एकदा समक्ष येऊन भेटायला आवडेल. सवडीने कळवा.’

यात तुम्ही काय गाता, किती चांगलं गाता, याबद्दल काही नाही हे लक्षात आलं असेल. त्याची गरज नाही. पार्श्वसंगीतावर म्हटलेलं, आवाज घुमवून गुळगुळीत केलेलं रेकॉर्डिंग तर मुळीच पाठवू नका. त्यातून आम्हाला तुमचा आवाज ऐकूच येत नाही. आम्हाला कळायला हवी असते ती वेगळीच गोष्ट : हा माणूस टिकेल का? मोठे विद्यार्थी उत्साहाने येतात आणि तिसऱ्या महिन्यात दिसेनासे होतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. त्यांच्यासाठी वेगळा काढलेला तास रिकामा पडतो. म्हणून शिक्षक बिचकतो. ‘रोज वीस मिनिटं बसेन’ हे वाक्य त्या भीतीला उत्तर आहे. पण खरंच बसणार असाल तरच लिहा. दहाच मिनिटं होणार असतील तर दहा लिहा.

आणि अभंगच म्हणायचे आहेत हे सांगायला लाजू नका. पुष्कळ लोकांना वाटतं, गुरूसमोर शास्त्रीय संगीताची ओढ दाखवली पाहिजे. मग ते ‘ख्याल शिकायचाय’ म्हणतात आणि यमन रागाच्या पलट्यांवर, म्हणजे स्वरांच्या घोटणीवर, सहा महिने मनातल्या मनात कुढतात. खरी इच्छा कळली की शिक्षक सांगू शकतो : थेट अभंग देणार की आधी सूर आणि अलंकार पक्के करून घेणार, आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर हाताने ताल धरायला कधी शिकवणार. काही जण स्वच्छ सांगतील, ‘मी फक्त रागसंगीत शिकवते.’ तेही बरंच. दोघांचे सहा महिने वाचले.

फीबद्दल निःसंकोच विचारा. गुरूच्या घरी राहून, सेवा करून विद्या घ्यायची, तिथे पैशाचा उल्लेख जड वाटायचा, ही रीत होतीच. पण पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हापासून गाणं वर्गात, ठरलेल्या अभ्यासक्रमाने शिकण्याची वाट सामान्य घरांसाठी मोकळी झाली. पुढे 1908 मध्ये त्यांनी मुंबईत विद्यालय सुरू केलं आणि उत्तरायुष्यात तर तुमच्या नाशिकलाच आश्रम काढला. ती वाट आपण सगळे चालतो आहोत, मीही तिच्यावरच पोट भरते. फी महिन्याची की तासाची, तुमचा तास चुकला तर काय, शिक्षिकेचा चुकला तर भरून मिळतो का, मे महिन्यात सुट्टी असते का, हे पहिल्या भेटीतच बोलून घ्या. मला या प्रश्नांनी कधी अपमान वाटला नाही. न विचारता दोन महिन्यांनी कुरबुर सुरू होते, तेव्हा वाटतो. फक्त तुमच्या पहिल्या मेसेजमध्ये फीच्या आधी काहीच नव्हतं. भाजीचा भाव विचारल्यासारखं झालं ते. या वेळी ती शेवटाकडे आली आहे, ती जागा योग्य आहे.

वयाचं म्हणाल, तर आपल्याकडे मोठ्यांनी हौसेने शिकणं हे काही नवं खूळ नाही. मुंबईत 1870 मध्ये पारशी गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली ती अशा हौशी मंडळींसाठीच. संगीताचे थोर अभ्यासक पं. विष्णु नारायण भातखंडे 1884 मध्ये तिथे दाखल झाले तेव्हा चोविशीच्या आसपास होते आणि पुढे वकील झाले. पुण्यातही 1874 पासून गायन समाज होता. नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी गाणं शिकायला जाणारे लोक तेव्हापासून आहेत.

आता त्या शिक्षिका तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत, त्याबद्दल.

हाक ‘ताई’ म्हणून मारा, किंवा त्यांच्याकडे सगळे ‘मॅडम’ म्हणत असतील तर मॅडम. एकेरीवर कधीच येऊ नका, त्यांनी सांगितलं तरी. त्या तुम्हाला बहुतेक ‘काका’ म्हणतील. पाया पडायची गरज नाही, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. बसताना तानपुऱ्याला नमस्कार करा, तो सगळ्यांपेक्षा थोरला. पण खरी अडचण हाकेत नाही. ती ‘काका’ म्हटल्यानंतर सुरू होते.

मी तरुण होते तेव्हा माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ येत. अतिशय सज्जन, वेळेचे पक्के. भूप राग शिकत होते आणि त्यांचा गंधार, म्हणजे ग, सतत उतरायचा. मुलांना मी त्याच जागी थांबवलं असतं, पाच वेळा म्हणून घेतलं असतं. त्यांना मात्र म्हणायची, ‘छान काका, थोडं बघा तेवढं.’ वडिलांच्या वयाच्या माणसाला कसं अडवायचं? असे सहा-सात महिने गेले. मग एका घरगुती बैठकीत ते गायले आणि पेटीवाल्याने तिथल्या तिथे सूर दाखवून दिला. दुसऱ्या दिवशी ते आले आणि म्हणाले, ‘तुम्हाला ऐकू येत होतं ना? मग मला सांगितलं का नाहीत?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर ते आले नाहीत. मी त्यांचा आदर राखते आहे असं समजत होते, आणि त्यांचा अर्ध्या वर्षाचा रियाज वाया घालवत होते. ते अजून मनात आहे.

म्हणून पहिल्याच भेटीत तुम्ही होऊन सांगा : ‘ताई, माझ्या वयाकडे बघू नका. चुकलो की तिथेच थांबवा.’ हे तुम्हीच सांगायला हवं, कारण त्या विचारू शकणार नाहीत. आणि मग थांबवलं की स्पष्टीकरण देऊ नका. मोठ्या विद्यार्थ्यांना ही सवय असते : घरी बरोबर येत होतं, आज जरा सर्दी आहे, ट्रॅफिकमधून आलोय. त्या ऐकून घेतील, पण पुढच्या वेळी थांबवताना बिचकतील. पुन्हा म्हणून दाखवणं हेच उत्तर.

आणखी एक. एखाद्या आठवड्यात रियाज होणार नाही. वर्षअखेरीची कामं येतील, घरात आजारपण येईल. तेव्हा लाज वाटून तुम्ही तास बुडवाल, निरोप पाठवाल, ‘आज जमत नाहीये.’ दुसऱ्या आठवड्यात तर आणखी लाज, कारण आता दोन आठवड्यांचा रियाज नाही. माझे बरेचसे मोठे विद्यार्थी याच पायरीवरून घसरले. पलीकडे शिक्षकाला वाटतं, यांचा रस संपला, आणि तोही विचारत नाही. तुम्ही सरळ लिहा : ‘ताई, या आठवड्यात बसणं झालं नाही, तरी येतोय.’ असा मेसेज आला की मला हायसं वाटतं. त्या दिवशी मी नवीन काही देत नाही. दोघं मिळून नुसता खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावून बसतो, अर्धा तास. तेही शिकणंच आहे. शिकवलेलं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, पण न विचारता फोन चालू केलेला कोणालाच आवडत नाही.

हे वाचणाऱ्यांत गाणं शिकवणारेही आहेत, हे मला माहीत आहे. त्यांच्याकडे एकच मागणं. नाही म्हणायचं असेल तर म्हणा, पण कारण सांगा, आणि जमलं तर दुसऱ्या कोणाचं नाव द्या. ‘माझी बॅच काळी पाचची आहे, तुम्हाला त्रास होईल, अमक्यांकडे पुरुषांचा तास असतो’ हे लिहायला अर्धं मिनिट लागतं.

तर मेसेज पाठवा. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, एकदाच. तोवर फोनवर तानपुऱ्याचं ॲप घ्या, काळी एक लावा आणि रोज सकाळी दहा मिनिटं नुसता सा म्हणा. पट्टी जड वाटली तर अर्धा सूर खाली, पांढरी एकवर या. कुठे बरं वाटतं ते लिहून ठेवा. पहिल्या भेटीत शिक्षिका हेच विचारतील.

आणि त्या पाचव्या सरांचं राहिलं. पाचांपैकी तेच एक होते ज्यांनी तुम्हाला घरात घेतलं, बसवलं, गायला लावलं. ‘परीक्षा द्यायची आहे का?’ हे आम्ही अशाच माणसाला विचारतो ज्याला घ्यायचा विचार सुरू झालेला असतो, कारण कुठल्या बॅचला बसवायचं ते त्यावर ठरतं. ‘परीक्षा नको, अभंग शिकायचे आहेत, आणि एकट्याला तास मिळेल का’ एवढंच त्यांना सांगायचं होतं. त्यांनी तुम्हाला नाही म्हटलेलं नाही. ‘विचार करून सांगतो’ म्हणून तुम्ही निघालात, आणि निरोप तुमच्याकडूनच जायचा राहिला आहे.